रविवारच्या वहीतलं नाव

कॉफीचे पेले दोनदा रिकामे झाले तरी मूळ विषयाला कुणी हात घातला नव्हता. जो तो विर्योचं कौतुक करत होता. रुमिंतांगचा हा दुसरा नवरा बाताम बेटावरच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायचा. काल तिच्याबरोबर इथे, तिच्या माहेरी, आला आणि आज सकाळपासून परसातला पाण्याचा पंप उघडून बसला. त्याला इथली बोली येत नव्हती, त्यामुळे घरातल्या भांडणातून त्याची आपोआप सुटका झाली होती.

"जावई असावा तर असा," दुमारिस म्हणाली. "आमचे हे जन्मापासून या घरात आहेत. पाना कुठे असतो ते विचारा."

'हे' म्हणजे हापोसान, रुमिंतांगचा धाकटा भाऊ. त्यानं बायकोचं बोलणं हसण्यावारी नेलं. त्याच्या शर्टाच्या खिशात एक कागद होता आणि तो सकाळपासून त्याला टोचत होता. शेवटी त्यानं तो काढून चटईवर सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि त्यावर रिकामा पेला ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून, की बहिणीनं फाडू नये म्हणून, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

कागद ख्रिस्ती मंडळीच्या सिंतुआंच्या सभेचा होता. आमच्या खोऱ्यात सिंतुआ म्हणजे मंडळीचा वडीलधारा. तो आजाऱ्यांकडे जातो, घरोघर प्रार्थना चालवतो, आणि पाळी येईल त्या रविवारी देवळात उभा राहून आठवड्याच्या सूचना वाचतो. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, आणि कुणाचं नाव मंडळीतून काढलं, सगळं एकाच वहीत आणि एकाच आवाजात. वीस वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी रुमिंतांगचं नाव वाचलं गेलं होतं. नवऱ्याचं घर सोडलं, म्हणून; काडीमोड आणि दुसरं लग्न त्यानंतरचं. त्या रविवारी वाचणाऱ्या सिंतुआचं नाव ताहान बुतारबुतार. तिचे वडील.

त्यांना पाळी बदलून घेता आली असती. त्यांनी घेतली नाही. त्याबद्दल मंडळीनं त्यांना फार नावाजलं होतं. पोटच्या पोरीलाही सूट दिली नाही, असा माणूस.

आता पहिला नवरा, जोनार, मरून नऊ वर्षं झाली होती. रुमिंतांगची आणि त्याची मुलगी रोतुआ वर्षभरापासून आजी-आजोबांकडे राहून इथल्या शाळेत शिकवत होती, आणि पुढच्या शनिवारी याच देवळात तिचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रविवारी प्रभुभोजन असतं. नवरी आपल्या आईच्या शेजारी गुडघे टेकते आणि एकाच भाकरीचे दोन तुकडे दोघी घेतात. तो रविवार उद्या होता. आणि मंडळीबाहेर असलेल्या बाईला भाकर देता येत नाही.

सिंतुआंच्या सभेनं मार्ग काढला होता. तो मनापासून काढला होता, हे मान्य करायला हवं. रुमिंतांगनं उद्या सूचना झाल्यावर पुढे यावं, पायरीशी गुडघे टेकावे, आणि पाळकबाईंच्या मागून एक वाक्य म्हणावं. ते कागदावर छापलेलं होतं: 'नवऱ्याचं घर सोडून मी देवाच्या आज्ञेविरुद्ध वागले, याचा मला पश्चात्ताप होतो.' इतकंच. मग तिचं नाव परत आत. नाही म्हटलं, तर दाराजवळचा शेवटचा बाक होताच. तिथे उपऱ्यांनी बसायचं असतं.

रुमिंतांगनं कागद उचलला नाही. तिथूनच वाचला.

हापोसाननं मग बराच वेळ समजावलं. नवऱ्यामुलाची आई महिला मंडळाची अध्यक्ष आहे, ती काही बोलत नाही, पण न बोलणंच जास्त बोलतं. आमांग (घरात वडिलांना आमांग आणि आईला इनांग म्हणत) पुढच्या महिन्यात पासष्टचे होऊन सिंतुआपदावरून उतरतील. हे शेवटचं कार्य त्यांच्या हातून नीट व्हावं. त्यांच्या जागी त्याचं स्वतःचं नाव सुचवलं जातंय, हे तो बोलला नाही. दुमारिसनं ते त्याच्यासाठी बोलून टाकलं.

"इतो," तो बहिणीला म्हणाला, "देवापुढे कोण निष्पाप आहे? एका वाक्यानं तुझं काय जातं?"

"वाक्य खोटं आहे."

"घर सोडलं नाहीस?"

"सोडलं. पश्चात्ताप होत नाही." ती आवाज न चढवता बोलत होती. "हापोसान, अकरा वर्षं मी इनांगला फोन केला नाही. जोनार मेला तेव्हा पहिल्यांदा केला. तिनं आवाज ओळखला नाही माझा, कोण पाहिजे म्हणाली. त्यासाठी गुडघे टेकायला सांग, आत्ता टेकते, इथेच चटईवर. पण ते कुणी विचारत नाही. विचारता ते हे. भाकर आणि प्याला समोर ठेवून खोटं बोलू? मग ते पाप कुठल्या वहीत लिहिणार आहेस?"

आपण देवाच्या बाजूनं बोलतोय असं धरून हापोसान बसला होता, आणि बहिणीनं ती बाजूच त्याच्याखालून काढून घेतली होती. त्यानं दाराकडे बघितलं. उंबऱ्यापाशी ताहान बसले होते. दुखरा गुडघा लांब करून. तीन वर्षांपासून तो गुडघा वाकत नव्हता. डॉक्टरच्या सल्ल्यानं ते बसूनच प्रार्थना करत.

"नाव संध्याकाळच्या घंटेच्या आत वहीत यायला लागतं," एवढंच ते म्हणाले. उद्या वाचायची पाळी त्यांचीच होती.

*

मागच्या ओट्यावर रोतुआ पेले धूत होती आणि गुणगुणत होती. रुमिंतांग तिच्यापाठी येऊन उभी राहिली आणि चाल ऐकताच तिथेच थांबली.

ताहान यांची प्रवचनं मी स्वतः ऐकलेली आहेत, म्हणून इथे थोडं सांगतो. ते बोलायला लागले की चार वाक्यांनंतर त्यांचा आवाज आपोआप सुरात जाई, आणि मग पुढचं सगळं प्रवचन ते गात. बोललेलं प्रवचन कानापर्यंत येतं. गायलेलं प्रवचन आपल्याबरोबर घरी चालत येतं, शेतात वाकतं, जाळं ओढतं. त्यांचं दिव्याचं प्रवचन तर खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात म्हणतात. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, तेही म्हणतात.

*दिवा वाऱ्याला भीत नाही,*
*दिवा उंबरा सोडत नाही,*
*रात्र कितीही मोठी होवो,*
*लेकी, तू दिवा हो.*

"ओप्पुंग माझ्या लग्नात हेच म्हणणारेत," रोतुआ मागे न बघता आजोबांबद्दल म्हणाली. "मी मुद्दाम मागून घेतलंय." मग वळून, हात पुसत, जे बोलायचं ते तिनं बोलून टाकलं. "आई, दहा मिनिटं लागतात. देवाला कळतं तुझ्या मनात काय आहे ते. मला तू शेजारी हवी आहेस. बाकी मला काही कळत नाही."

रुमिंतांगला भावाच्या तासाभराच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते या चार वाक्यांनी झालं. ती ओट्यावर बसली. हो म्हणून टाकावं, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं. पोरीचं लग्न एकदाच होतं. मग तिनं विचारलं, "ते गाणं कुणासाठी रचलंय, माहीत आहे तुला?"

"सगळ्या नवऱ्यामुलींसाठी."

"माझ्यासाठी."

आणि तिनं सांगितलं. आजवर तिनं ते मुलीला सांगितलं नव्हतं. मेलेल्या बापाबद्दल मुलीला काय सांगायचं, म्हणून. रोतुआ दोन वर्षांची होती. जोनारनं भाताच्या मुसळानं हात मोडला, तेव्हा ती पोरीला उजव्या कडेवर घेऊन सहा मैल चालत या घरी आली. इनांगनं हात गळ्यात बांधला. आमांगांनी तिसऱ्या दिवशी तिला होडीत बसवलं. रीत असते तसं, माहेरची आंबट-तिखट मासळी टोपलीत, डोक्यावर ठेवायला तांदूळ, टोपली धरायला हापोसान. जोनारच्या अंगणात सगळी आळी जमली, आणि तिथे आमांग उभे राहिले आणि गायले. पहिल्यांदा.

"सुंदर गायले गं. सगळे रडले. तुझा बापही रडला." तिनं ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटानं पुसला. "आठवडाभर हात उचलला नाही त्यानं."

रोतुआच्या हातातला पेला तसाच राहिला. आईचा डावा हात कोपरात सरळ होत नाही, हे ती लहानपणापासून बघत होती. बंदरावर पडले, असं तिला सांगितलेलं होतं. ती आईजवळ बसली. परसात विर्योचा पंप एकदा खाकरला आणि बंद पडला.

"मग तू टेकू नकोस," रोतुआ म्हणाली. "मी येते मागच्या बाकावर."

"वेडी आहेस. नवरी मागच्या बाकावर?"

"तिथे तरी तू शेजारी असशील."

*

तिउरनं, रुमिंतांगच्या आईनं, हे सगळं स्वयंपाकघराच्या फळीमागून ऐकलं. ऐकायला ती गेली नव्हती. उद्याच्या मासळीसाठी आंदालिमानचे दाणे कुटत होती. त्या दाण्यांनी जीभ बधिर होते. कुटता कुटता हात थांबला, तो थांबलाच.

बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापेक्षा वेगळं मत तिनं चारचौघांत कधी दिलं नव्हतं. मत नव्हतं असं नाही. पण ताहान बोलतात म्हणजे देवाला विचारून बोलतात, असं तिनं धरून ठेवलं होतं, आणि ज्या दिवशी तसं वाटलं नाही त्या दिवशी ती गप्प राहिली होती. रुमिंतांगच्या डोक्यावर तांदूळ तिनंच ठेवले होते. 'जीव घट्ट कर' असं म्हणून ठेवतात. तिनंही म्हटलं होतं.

ती उठली. पेटी उघडली. नातीला लग्नात आजीनं उलोस पांघरायचा असतो, हातमागाचा, गडद लाल. तिनं चार काढून बाजूला ठेवले आणि सगळ्यात खालचा घेतला. तो घेऊन ती उंबऱ्याशी आली. ताहान मांडीवर वही घेऊन बसले होते. पेन उघडं, पान कोरं. चटईवरची माणसं पांगली होती. फक्त दुमारिस झाडू घेऊन रेंगाळत होती.

"रोतुआला हा देणार आहे," तिउर म्हणाली.

त्यांनी कापड उलगडलं. मधोमध हळदीचा मोठा जुनाट डाग होता, आणि दोन टोकं गाठी मारून चुरगळलेली. "डाग आहे याला. नवे आहेत की पेटीत."

"डाग तुमच्या ओळखीचा आहे."

ताहान यांनी कापड खाली ठेवलं नाही.

"हळद मी लावली होती," ती म्हणाली. "तुम्ही कंदील धरला होतात. हाड कुठे वर आलंय ते तुम्हीच दाखवलंत मला. आता लेक पायरीशी गुडघे टेकून घर का सोडलं त्याची माफी मागणार, आणि आपण दोघं बाकावर बसून ऐकणार. मी ऐकायची नाही, सांगून ठेवते. मी उठून जाईन."

"नियम मी केला नाही, तिउर."

"नियमाबद्दल मी कुठे बोलतेय? मी कंदिलाबद्दल बोलतेय."

तिउर तिथेच उभी राहिली. उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही असं ठरवल्यासारखी. टेकडीवर घंटेचा दोर ओढणाऱ्या माणसाची सायकल चढावर दिसली. ताहान यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी वही जवळ ओढली आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत, लिहायला सुरुवात केली. बरंच लिहिलं. वही मिटली, तेव्हा शनिवारची घंटा सुरू झाली.

दुमारिसनं वाचलं नाही, पण लिहिताना पाहिलं. आणि तिनं तडक जाऊन नणंदेला सांगितलं. खरं तर दुपारपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती. पण ओट्यावरचं बोलणं फळीच्या अलीकडेही ऐकू येतं.

"एदा, त्यांनी नाव लिहिलंय. तुला न विचारता. मी तुझ्या जागी असते तर उद्या ताप आणला असता."

हापोसान तिथेच होता. त्यानं बायकोला गप्प केलं नाही. जरा वेळानं तो बहिणीला म्हणाला, "टोपली मी धरली होती. सगळ्या वाटेत मला एकच काळजी, मासळीचा रस सांडून पँट खराब होईल. नवी होती." त्याला पुढे काहीतरी बोलायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून तो विर्योला पंप उचलू लागायला गेला.

त्या रात्री रुमिंतांग जेवली नाही. उद्या जायचं, हे मात्र तिनं ठरवलं. एकदा तिचं नाव त्या वहीतून वाचलं गेलं तेव्हा ती बातामला जाणाऱ्या बोटीवर होती, आणि लोकांनी मान खाली घालून ऐकलं होतं. दुसऱ्यांदा वाचायचं असेल तर तिच्या तोंडाकडे बघून वाचावं लागेल.

*

रविवारी देऊळ भरलेलं होतं. बाया उजवीकडे, पुरुष डावीकडे. सिंतुआ काळ्या कोटांत पुढच्या आडव्या बाकावर. पाळकबाई मेलवा वयानं रोतुआहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी छापील कागद शास्त्रावर तयार ठेवला होता. तिउर पुढून दुसऱ्या रांगेत. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर रुमिंतांग, तिच्या एका बाजूला विर्यो, दुसऱ्या बाजूला रोतुआ. नवरी मागे बसलेली बघून नवऱ्यामुलाच्या आईनं दोनदा मान वळवली. तिसऱ्यांदा वळवली नाही.

गीत झालं. ताहान वही घेऊन खालच्या मेजाशी आले. त्यांनी वाचलं: एक मुलगा जन्मला, आई-बाळ सुखरूप. गुरुवारची घरची प्रार्थना अमुक यांच्याकडे. येत्या शनिवारी रोतुआ आणि पार्दोमुआन यांचा विवाह, दुसरी आणि शेवटची सूचना, कुणाची हरकत असल्यास कळवावं. आवाज नेहमीचा, सपाट.

"मंडळीपुढे पाप कबूल करण्यासाठी एक नाव आलं आहे."

रोतुआनं आईचा हात धरला.

ताहान यांनी चष्मा काढला. पुढचं त्यांना बघून वाचायची गरज नव्हती.

"ताहान बुतारबुतार. या मंडळीचा सिंतुआ."

पुढच्या बाकावर कुणाच्या तरी हातून गीतांचं पुस्तक पडलं.

"कारण," ते म्हणत राहिले, तसंच सपाट, "वीस वर्षांपूर्वी त्याची मुलगी मोडलेला हात घेऊन त्याच्या घरी आली. हात कुणी मोडला हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तिला तिसऱ्या दिवशी त्याच घरी नेऊन सोडलं. पुढे ती जीव वाचवून निघून गेली. तेव्हा त्यानं याच जागी उभं राहून मंडळीला तिचं नाव वाचून दाखवलं. हात मोडल्याचं वाचलं नाही. मंडळीनं त्याची वाहवा केली. ती त्यानं ठेवून घेतली."

वही मिटली. आता ते खाली बसतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा श्वास लांबला, आणि आमच्या खोऱ्यातल्या माणसाला तो श्वास ओळखता येतो. त्या मागून सूर येतो. आला. दिव्याचीच चाल होती. मागच्या बाकावर रुमिंतांगनं डोळे गच्च मिटले. पण शब्द दुसरे होते.

*वारा नव्हता तो, हात होता,*
*हात मला ठाऊक होता,*
*उंबरा म्हणत होतो ज्याला*
*तो मीच आडवा घातला होता.*

*दिवा घेऊन पळाली लेक,*
*म्हणून दिवा राहिला, देवा.*
*विझवणारा देवळात उभा आहे,*
*त्याला काय म्हणतोस, देवा?*

आवाज दोनदा तुटला. ते थांबले नाहीत, तुटला तिथून पुढे गायले. मग मेजाला धरून पायरीपर्यंत आले, आणि तीन वर्षं न वाकलेला गुडघा वाकवला. हाड वाजलेलं दुसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आलं. तिउरनं ओठ आवळले, पण ती जागची हलली नाही. उठून जाण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

पाळकबाईंच्या हातातला कागद या माणसासाठी नव्हता. त्यांनी सिंतुआंच्या बाकाकडे बघितलं. सभेचे प्रमुख मांगिहुत, ज्यांनी ते वाक्य छापून घेतलं होतं, ते आपल्या हातांकडे बघत बसले होते. तेवढ्यात मधल्या वाटेनं पावलं आली. रुमिंतांग होती. ती सावकाश चालत आली, बापाकडे न बघता तिनं त्यांच्या शेजारी गुडघे टेकले आणि वर बघून म्हणाली, "पाळकबाई, माझंही एक आहे. वहीत नाही."

"वही काल घंटेला बंद झाली," पाळकबाई म्हणाल्या. तो नियम होता. मग त्या वाकल्या, ताहान यांच्या कोटाच्या खिशातलं पेन काढलं, मेजावरची वही आणली आणि त्याच पानावर धरली. "सांगा. मी लिहिते."

"अकरा वर्षं मी आईला फोन केला नाही. तिनं काहीच केलं नव्हतं असं नाही. पण तिला माझ्या आवाजाची वाट होती, आणि मला ते ठाऊक होतं. याचा मला पश्चात्ताप होतो."

पाळकबाईंनी शब्द न् शब्द लिहिला. छापील कागद त्यांनी दुमडून शास्त्राच्या शेवटच्या पानांत सरकवला, तिथून तो नंतर कुणी मागितला नाही. मग एक हात बापाच्या डोक्यावर आणि एक लेकीच्या डोक्यावर ठेवून त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले. ते सगळ्यांना एकच असतात. मंडळीनं 'आमेन' गायलं. चार सुरांत गायलं. आमच्या लोकांना रडू आलं तरी सूर सोडायची सवय नाही. मांगिहुत बाकावरून उठले, आणि पहिल्या रांगेत आईची म्हणून जी जागा असते तिथलं आपलं छत्र्यांचं गाठोडं त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवलं. मागून रोतुआ धावत म्हणावं अशा चालीनं पुढे येत होती.

ताहान यांना उठता येईना. त्यांनी पायरीवर हात टेकून पाहिलं. हापोसान बाकावरून अर्धा उठला होता. तो तसाच थांबला.

रुमिंतांग उभी राहिली आणि तिनं डावा हात पुढे केला, कोपरात वाकलेला. ताहान यांनी त्या हाताकडे पाहिलं. कंदिलाच्या उजेडात पाहिला होता, त्यानंतर इतक्या जवळून ते आजच पाहत होते. धरायला ते कचरले.

"धरा आमांग," ती म्हणाली. "दुखत नाही आता."

त्यांनी धरला, आणि त्या हाताच्या आधारानं ते उठले.